पत्रिकेत छापलेला इंजिनिअर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा नाल्याच्या पलीकडे होती आणि मुलींनी नाला ओलांडायचा नाही असं माझ्या बापाचं म्हणणं होतं. त्याचं मला कधी रडू आलं नाही. सगळ्याच मुलींचं तसं होतं, रडायचं तर कोणापुढे? मला वाचता येतं, सही येते, एसटीची पाटी कळते. तेवढ्यावर आयुष्य निघालं. म्हातारपणी मात्र मला कॉलेज लागलं.

आमचं घर सावद्याचं, केळीचं. नातू जळगावला इंजिनिअरिंगला घातलेला. पहिल्या वर्षी मेसचं खाऊन त्याला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे करून घरी आला. तो बरा झाल्यावर घरात बैठक बसली. सुनेला घर सोडता येत नव्हतं, मुलाला बाग सोडता येत नव्हती, नातीचं स्वतःचं बी.एस्सी. चालू होतं. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. गुडघ्यांमुळे मी शेतात जाणं सोडलं होतं. जिच्यावाचून कोणाचं काही अडत नाही अशी घरात मीच होते.

आमच्या भागात आता ही रीतच पडली आहे. पोरगं शहरात शिकायला गेलं की मागून एक म्हातारी, एक शेगडी आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा पाठवतात. जळगावात मेहरूणला खोली घेतली. त्या गल्लीत माझ्यासारख्या आणखीही होत्या. संध्याकाळी ओट्यावर बसलो की नवीन आलेलीला पहिला प्रश्न, "तुमचं कितव्या वर्षाला?" चोपड्याकडची एक होती, तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. ती म्हणाली, "अक्का, पोरं पास होऊन जातील. आपल्यालेबी एखादं सर्टिफिकेट द्यायला पाहिजे."

"कशाचं?"

"भाकरी थापायचं. फोटो काढू, काळी टोपी घालून."

मी म्हटलं, "तुझ्या डोक्याला टोपी बसायची नाही, अंबाडा आडवा येईल."

नातू वाईट नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कोणी त्याला उनाड म्हणेल. सिगारेट नाही, उलट बोलणं नाही. जेवला की स्वतःचं ताट स्वतः धुतो. पोरगं हुशार आहे पण अभ्यास करत नाही, असं प्रत्येक आई म्हणते. मी म्हणणार नाही. तो बेताचा आहे. बारावीला बेताचेच मार्क होते, पण फी भरली की जागा देणारं कॉलेज मिळालं आणि तो इंजिनिअरिंगला लागला. पुस्तक उघडून असा बसायचा, जसा माणूस परक्या गावात एसटीची वाट बघत बसतो. पान उलटायचा तेसुद्धा वेळ जावा म्हणून.

सावद्याला गेलो की मात्र पिशवी टाकायचा आणि सरळ बागेत. तिथेही काही थोर काम करत नव्हता. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, ती विळ्याने कापायची. ठिबकची नळी चोंदली असेल तर मोकळी करायची. कोणीही करेल असं काम. पण ते करताना तो घड्याळ बघत नव्हता. खोलीत सारखा बघायचा.

थंडी सुरू झाली तेव्हा डॉक्टरने मला रोज चालायला सांगितलं. सकाळी गार वारा सोसत नाही म्हणून मी स्वयंपाक आवरून, ऊन पडल्यावर मेहरूणच्या तळ्यावर जायला लागले. नातू त्याआधीच डबा घेऊन कॉलेजला गेलेला असायचा. एक दिवस झाडाखालच्या बाकावर एक पाठ दिसली. पाठीवरून माणूस ओळखायला शिक्षण लागत नाही. मांडीवर डबा उघडा होता. झाकण सैल झालं म्हणून त्याला मीच रबर लावून दिलं होतं. ते त्याने मनगटात अडकवलं होतं.

मी मागून म्हटलं, "इतक्यातच भूक लागली?"

तो दचकून उठला. "आजी, तू इथं काऊन?"

"मले डॉक्टरनं सांगितलं. तुले कोणी सांगितलं?"

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तो सरकला, मी बसले. तळ्यात कोणी तरी म्हशी धूत होतं. बराच वेळ आम्ही म्हशीच बघितल्या. मग तो म्हणाला, "मले नाही जमत ते, आजी. वर्गात बसलो की सरचं बोलणं कानापर्यंत येते, आत जात नाही. पोरं लिहितात म्हणून मी लिहितो. काय लिहिलं ते मलेच कळत नाही."

"राहिलेले विषय किती?"

"ते विचारू नको."

"मग तुले करायचं काय आहे?"

"घरी यायचं आहे. बागेत."

"बागेत काय ठेवलं आहे? एक वादळ आलं की बाग झोपते."

"झोपते ना," तो म्हणाला, "पण झोपली ते तरी मले कळते. काऊन झोपली तेबी कळते. इथं काय चाललं आहे तेच कळत नाही."

मी त्याच्या मनगटातलं रबर काढून डब्याच्या झाकणाला लावलं.

"तू बाबांशी बोल," तो म्हणाला. "मी बोललो की ते पोरीवर जातात."

पोरीवर जातात म्हणजे लग्नावर. आमच्याकडे आता शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देत नाही. बाग असो, विहिरीला पाणी असो, स्लॅबचं घर असो, मुलीचा बाप पहिलं विचारतो, मुलगा कुठे नोकरीला? शेतीवालेच विचारतात हे. स्वतःची मुलगी शेतात नको आणि स्वतःच्या मुलाला मात्र सून पाहिजे. गावात एकेका आळीत पस्तिशी ओलांडलेले बिनलग्नाचे पुरुष आहेत. लोक त्यांना वरातीत नाचायला बोलावतात. माझ्या मुलाने हे सगळं बघितलं आणि नातू दहावीत असतानाच ठरवून टाकलं, याला बागेत ठेवायचं नाही. माझा मुलगा मूर्ख नाही. तो मूर्ख असता तर माझं काम सोपं झालं असतं.

तरी मी बोलायचं ठरवलं. नाताळच्या सुट्टीत आम्ही सावद्याला गेलो. बागेत भरिताचा बेत होता. वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांवर, आणि लाकडी बडगीत ठेचतात. ठेचायला माझा पुतण्या बसला होता. चाळिशीला आलेला, कामाला वाघ, आमच्यापेक्षा चांगली बाग, आणि लग्न नाही. त्याची थट्टा करणं हा प्रत्येक भरिताचा भागच आहे.

शेजारच्या शेतातले नाना म्हणाले, "जोरात ठेच रे. असं गोंजारून भरीत होते का? बायको समजला का वांग्याले?"

पुतण्या म्हणाला, "नाना, वांगं तरी हातात आलं. तुमच्या ओळखीत दुसरं काही असलं तर सांगा."

सगळे हसले. मी मुलाच्या शेजारी जाऊन बसले आणि आडवळण न घेता बोलले. दुसरं मला येत नाही. "पोराले ते कॉलेज जमत नाही. त्याले घरी आण."

"कोणी सांगितलं?"

"मी पाहिलं. कॉलेजात जात नाही तो, तळ्यावर जाऊन बसते."

नातू लांब पुऱ्यांच्या कढईजवळ उभा होता. त्याने खाली मान घातली. मला वाटलं मुलगा चिडेल. तो हसला. "माय, तळ्यावर सगळेच जातात. मी कॉलेजात होतो तवा सिनेमाले जायचो. पेपर देते ना?"

"देते आणि नापास होते."

"मग पुन्हा देईल. पाणी एका दिवसात मुरत नाही."

"खडकावर टाकलं तर कधीच मुरत नाही."

"माय, तू चौथी शिकलेली. तुले त्यातलं काय कळते?"

"चौथीतलं कळते. पोरगं सुकलं ते कळायले चौथीबी लागत नाही."

आता सगळे ऐकत होते. मुलाने पुतण्याकडे बोट केलं नाही, तेवढी रीत त्याला आहे. पण पुतण्याने बडगीतला हात थांबवला आणि स्वतःच बोलला. "काकू, तुम्ही मोठ्या आहात. पण त्याले शिकू द्या. पास होवो, नापास होवो, शिकू द्या. माह्याकडे बघा. घरी गेलो की दिवा मीच लावतो आणि मीच विझवतो. सकाळी मेलेला सापडलो तर गड्यालेच आधी समजेल."

नानांनीही मग थट्टा केली नाही. पुतण्याने पुन्हा ठेचायला सुरुवात केली. तो खोटं बोलत नव्हता, आणि माझा नातूही तळ्यावर खोटं बोलला नव्हता. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि माझ्याजवळ तिसरं काही नव्हतं. मी ताट घेतलं आणि जेवले. भरीत चांगलं झालं होतं.

निघताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरीचं लग्न होऊन जाऊ दे. मग त्याचं बघू." हे मी नातवाला सांगितलं. एसटीत तो जळगावपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होता, पण चेहरा मोकळा होता. "बघू म्हणाले ना? नाही तर नाही ना म्हणाले?" असं त्याने मला पुन्हा पुन्हा विचारलं.

नातीचं लग्न धुळ्याला ठरलं होतं. नवरा मुलगा सरकारी कचेरीत कारकून. नातीला पुढे एम.एस्सी. करायचं होतं. तिला अभ्यास खरोखरच आवडतो. सुट्टीत खोलीवर आली की भावाची पुस्तकं चाळायची आणि त्याला समजावून सांगायची. तिच्या बापाने सांगितलं, पुढचं आता सासरचे बघतील. सासरचेही म्हणाले, हो हो, शिकू देऊ. हे वाक्य मी पुष्कळ लग्नांत ऐकलं आहे. लग्न झालं की ते कोणाच्या तोंडात सापडत नाही. नात मला म्हणाली, "आजी, त्याची सीट मला दिली असती आणि माझ्या जागी त्याला घरी ठेवलं असतं तर?"

मी म्हटलं, "सीट फक्त एसटीत बदलून मिळते." ती रागावली. पण मी दुसरं काय सांगणार होते?

लग्नाच्या पत्रिका जळगावला छापायला टाकल्या. छापखाना मेहरूणपासून लांब नाही म्हणून गठ्ठा आणायचं काम नातवाकडे. तो गठ्ठा घेऊन आला, खाली बसला, सुतळी सोडली आणि एक पत्रिका माझ्या हातात दिली. "वाच."

मला चष्मा लावूनही बोट ठेवून वाचावं लागतं. वर देव होते, मग वधू-वर, मुहूर्त, स्थळ. खाली निमंत्रण देणाऱ्यांची रांग. आमच्याकडे पत्रिकेत नुसतं नाव छापत नाहीत, पुढे कंसात शिक्षण आणि नोकरी छापतात. चुलते, मामे, मावसे, सगळ्यांच्या नावापुढे काही ना काही. ज्याच्यापुढे काही नाही तो बागायतदार. नातवाच्या नावापुढे छापलं होतं, इंजिनिअर.

"विद्यार्थी तरी लिहायचं," मी म्हटलं.

"झालो की मी," तो म्हणाला. "न शिकताच झालो." आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

मी नातवाला त्याच्या बापाला फोन लावायला सांगितलं. "काय छापलं तू हे?"

"काय छापलं?"

"तो अजून झाला नाही."

"माय, व्याह्यांनी विचारलं होतं, मुलीचा भाऊ काय करते? तवा सांगितलं, इंजिनिअर. आता पत्रिकेत कमी कसं छापू? पोरीची सासरी मान खाली जाईल."

"आणि नाही झाला तर?"

"आता व्हावंच लागेल. साऱ्या नातेवाइकांत पत्रिका जाईल." तो हे आनंदाने बोलत होता. त्याला वाटत होतं की छापलं म्हणजे अर्धं काम झालं. पोराला खुंटीला बांधलं की ते आपोआप चरायला लागतं असा त्याचा हिशोब.

पहिली पत्रिका रीतीप्रमाणे देवापुढे ठेवली. मी नमस्कार केला. देवाला काही विचारलं नाही. तोही ती वाचून गप्पच बसला असेल.

लग्न धुळ्यात झालं. हायवेच्या बाजूचं कार्यालय होतं, ट्रकच्या भोंग्यात मंगलाष्टकं ऐकू येत नव्हती. नातीची सासू धुळ्याकडच्या खेड्यातली, बोलायला गोड. ती मला हाताला धरून तिच्या बायकांत घेऊन गेली आणि लांबून नातवाकडे बोट करून म्हणाली, "हाऊ पोऱ्या देखा. इंजिनेर शे!" बायकांनी त्याच्याकडे असं बघितलं जसं बाजारात बैलाचे दात बघतात. दिवसभर त्याला सगळे साहेब म्हणत होते. मांडवातला पंखा बंद पडला तेव्हा एका आबांनी हाक मारली, "इंजिनिअर साहेब, या जरा!" तो गेला, तार हलवली, पंखा सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुरू झाला नसता तर बरं झालं असतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत स्थळ आलं. रावेरकडचे लोक, लग्नात त्यांनी त्याला बघितलं होतं. एकुलती मुलगी, शिकलेली. घाई नाही म्हणाले. डिग्री हातात आली की साखरपुडा करू, तोवर शब्द राहू द्या. माझा मुलगा हा निरोप घेऊन स्वतः मेहरूणला आला, पेढे घेऊन. "पाहिलं माय? एक शब्द छापला आणि दार उघडलं. तुझ्या त्या पुतण्याच्या दारात इतक्या वर्षांत कुत्रं फिरकलं नाही."

"लग्न झालं की बघू म्हणाला होता ना तू?" मी विचारलं.

"काय बघू?"

"पोराचं. त्याले घरी आणायचं."

मुलाने माझ्याकडे असं बघितलं जसं मी परक्या भाषेत बोलले. "आता? स्थळ आल्यावर?" मग तो नातवाकडे वळला. "काय रे? तूच सांग आजीले. यायचं आहे का घरी?"

हीच ती वेळ होती. बापाने स्वतःहून विचारलं होतं. मी नातवाकडे बघत राहिले. त्याने हो म्हटलं असतं तर मी पुन्हा भांडले असते, गुडघे असोत नसोत. तो पेढ्याचा कागद दुमडत होता. दुमडून दुमडून बारीक केला.

"नाही," तो म्हणाला.

मुलगा खुशीत गेला. मी भांडी घासायला घेतली. नंतर नातू मोबाईल चार्जिंगला लावून अंघोळीला गेला तेव्हा त्याच्यावर त्या मुलीचा फोटो दिसला. कोणी तरी पाठवलेला असेल, पण समोर ठेवला होता त्याने स्वतः. मुलगी साधी, चष्मा लावलेली, हसताना एक दात पुढे. मलाही आवडली. त्याला आवडली यात त्याचा काय दोष? वय आहे त्याचं. पण ती मुलगी इंजिनिअरची आहे, त्याची नाही.

आता तो मला बाबांशी बोल असं म्हणत नाही. तळ्याचं नाव काढत नाही. काही दिवस पुस्तक घेऊन बसतो, ओठ हलवतो, डोकं धरतो, आणि पुस्तक बंद न करताच उठून गॅलरीत जातो. त्याच्यासमोर बसून मी भाजी निवडते. दुसरं मला काही करता येत नाही. चौथीतलं असतं तर शिकवलं असतं. बहीण धुळ्याहून फोन करते, "तुझा कुठला धडा अडला ते सांग, मी सांगते." पण तिथे पाहुणे आलेले असतात, कोणी तरी हाक मारतं आणि ती फोन ठेवते. एम.एस्सी.चं तिला मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

ओट्यावरच्या बायका मला विचारतात, "अक्का, तुम्ही एवढ्या जुन्या. सांगा, पोराले कॉलेजात घालावं का नाही?" त्या सगळ्यांची पोरं आधीच कॉलेजात आहेत. त्यांना उत्तर नको असतं, हो पाहिजे असतं. एकदा मी म्हटलं, "माझ्या पुतण्याला विचारा, तो घालावं म्हणेल. नातवाला विचारा, तो नको म्हणेल. म्हणजे आधी म्हणायचा." चोपड्याकडची म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "मी डबा भरते."

रोज सकाळी भरते. कळण्याची भाकरी, भाजी, मिरचीचा ठेचा. झाकणाला ते रबर लावते. तो पिशवी खांद्याला अडकवतो, "येतो आजी" म्हणतो आणि जिना उतरतो. गल्लीच्या टोकाला दोन रस्ते आहेत. एकीकडे कॉलेजची बस थांबते, दुसरीकडे तळं. पूर्वी मी दारात उभी राहून तो कुठे वळतो ते बघायचे. मी तळ्यावर चालायला जाणंही सोडलं आहे. डॉक्टर रागावतो. नातू खाली उतरला की मी दार लावून घेते.